अर्धा किलो

कोल्चानीत आमच्या घराच्या भिंती मिठाच्या.
बाबा सालारमधून कुऱ्हाडीने ठोकळे काढतात,
ठोकळ्यावर पांढऱ्या-तपकिरी रेघा,
एक ओलं वर्ष, एक कोरडं, पुन्हा एक ओलं.
लहानपणी मी बोट फिरवत
त्यांत माझं जन्मवर्ष शोधायचे.

देल्फिना पिशव्या भरते.
अर्धा किलो. तोंड दुमडायचं,
गॅसच्या ज्योतीवरून सरकन फिरवायचं,
प्लास्टिक वितळतं, चिकटतं. झाली एक.
अशा दिवसाला हजार, हात चालला तर दीड.
बोटांच्या भेगांत मीठ जातं;
ती आता तोंडही वाकडं करत नाही.

मी शेजारी, मिठाच्याच बाकावर,
मांडीवर रसायनाचं पुस्तक.
मोठ्याने वाच, ती म्हणते,
तेवढाच मला विरंगुळा.

"सोडियमच्या शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो.
क्लोरीनला अष्टक पुरं व्हायला एक कमी पडतो.
सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो
आणि दोघेही स्थिर होतात."

तिचा हात ज्योतीच्या अलीकडे थांबला.
"देतो?
विचारलं होतं का कुणी त्याला?"

मी हसले. हसू अर्ध्यावरच राहिलं.

उयुनीच्या शाळेत खोली घेऊन राहायचं
तर घरात पैसे एकीपुरते होते.
ती नववीत, वर्गात पहिली. मी सातवीत, कशीबशी.
आई गेल्यावर घरात कुणीतरी हवं होतं.
कुणी बसून काही ठरवल्याचं आठवत नाही.
एका सकाळी तिचं दप्तर
माझ्या खुंटीला होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तोच प्रश्न विचारला,
माझाच असल्यासारखा.
इग्नासिया कोल्के बाईंनी खडू मोडून अर्धा केला,
फळ्यावर आकडे मांडले, किलोज्यूलमध्ये:
सोडियमकडून इलेक्ट्रॉन सोडवायला लागतात चारशे शहाण्णव,
क्लोरीन तो घेतं तेव्हा परत येतात तीनशे एकोणपन्नास.
"करा वजाबाकी."
एकशे सत्तेचाळीसची खोट.
"हौसेने कुणी काही देत नाही, पोरांनो,
पुस्तकाला घाई असते म्हणून ते तसं लिहितं.
ही खोट भरून निघते नंतर.
प्रत्येकाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा येऊन उभे राहतात,
वर, खाली, चारी अंगांना,
आणि त्या सहांभोवती आणखी, आणखी,
पार डोंगरापर्यंत.
जोडपं नसतं तिथे.
कुणाचा इलेक्ट्रॉन कुणाकडे गेला
याची चिठ्ठी कुठेच सापडत नाही."

बाबांना यातलं काही ठाऊक नाही.
त्यांच्या मनगटाला ठाऊक आहे
खडा कुठे ठोकला की सरळ फुटतो.
घावाने एक थर कणभर सरकतो,
धनासमोर धन येतं, ऋणासमोर ऋण,
आणि आत्तापर्यंत घट्ट बिलगलेले
एकमेकांना लोटून देतात.
कड मात्र अशी गुळगुळीत की गाल लावावा.
मी आणि देल्फिना, नाक एक, हट्ट एक,
स्वयंपाकघरात समोरासमोर आलो की
बाबा कुऱ्हाड उचलून बाहेर जातात.

शनिवारी घरी आले, तिला सगळं सांगितलं,
खोट, वजाबाकी, भोवतीचे सहा.
ती पिशव्या मोजत ऐकत होती.
शंभरावर आल्यावर म्हणाली,
"मग माझे सहा कुठे आहेत?"

बाहेर वारा. भिंतीला पाठ टेकली तर
पाठीला खारट गारवा.
मला बाबा सुचले, मी सुचले,
तिसरं नाव सुचेना.

तेवढ्यात चिमूटभर मीठ ज्योतीत सांडलं
आणि निळी ज्योत पिवळीधमक झाली.
हे मला ठाऊक होतं: त्या आगीत
सोडियमला क्षणभर एक इलेक्ट्रॉन परत मिळतो.
त्याचाच असतो असं नाही. कुणाचा तरी.
तो उडी घेतो, खाली येतो,
आणि हा उजेड पडतो.

तिच्या चेहऱ्यावर तो पडला होता.
मी सांगायला तोंड उघडलं
तर ती नवी पिशवी झटकत म्हणाली,
"थांबलीस का? सोमवारी पेपर आहे ना.
वाच पुढचं."